राणीमाशी स्वतः तयार करताना: नाशिकच्या मधपाळांचे नेहमीचे प्रश्न

दसऱ्याच्या सुमारास आणि कांद्याचे डोंगळे (बियाण्याच्या कांद्याची फुलं) फुलायच्या आधी हे प्रश्न हमखास येतात. निफाड, सिन्नर, सटाण्याकडून मेलिफेरा म्हणजे युरोपीय माशी पाळणाऱ्यांचे, तर पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडून सातेरी म्हणजे आपली देशी माशी पाळणाऱ्यांचे. ज्या शब्दांत विचारले गेले जवळपास त्याच शब्दांत इथे ठेवले आहेत. उत्तर एका ठिकाणी पुरं दिलं असेल तिथे पुन्हा न लिहिता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माश्या स्वतःच राणी करतात, मग आपण मध्ये हात का घालायचा?

माश्या राणी करतात ती त्यांच्या गरजेला. तीन प्रसंग असतात: वसाहत फुटून थवा निघणार असेल, म्हाताऱ्या राणीला बदलायचं असेल, किंवा राणी अचानक मेली असेल. फुटीच्या वेळच्या राण्या चांगल्या पोसलेल्या असतात, पण दरवर्षी त्यांच्यावरच वाढ केली तर सतत फुटणाऱ्या माश्यांचाच वंश आपण वाढवतो. हात घालायचा तो दोन कारणांसाठी. वंश कोणत्या पेटीचा वाढवायचा हे आपण ठरवावं, आणि जानेवारीअखेर डोंगळे फुलतील तेव्हा पेटीत तरुण राणी असावी. मेलिफेराची चांगली राणी भर हंगामात दिवसाला दीड ते दोन हजार अंडी घालते. ती दोन-तीन वर्षं जगू शकते, पण धंद्याच्या पेटीत वर्ष-दीड वर्षाने बदललेली बरी.

२. कामकरीच्याच अळीपासून राणी होते म्हणतात, ते कसं काय?

अंडं एकच, फलित झालेलं. पहिले दोन-अडीच दिवस सगळ्याच अळ्यांना दाई-माश्यांच्या (अळ्या पोसणाऱ्या कोवळ्या कामकरींच्या) ग्रंथींतून आलेलं अन्न मिळतं. त्यानंतर कामकरीच्या अळीचा खुराक बदलतो आणि बेताचाच होतो. राणीच्या अळीला मात्र राणीघर (तिच्यासाठी बांधलेलं लोंबतं मेणाचं घर) बंद होईपर्यंत राजान्नात (रॉयल जेलीत) अक्षरशः तरंगत ठेवतात. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी अळीतलं डीएनएवर खुणा करणारं एक विकर (एन्झाइम) दाबून टाकलं, तेव्हा राजान्नाशिवायही बऱ्याच अळ्या राणीसारख्या वाढल्या. म्हणजे खुराकामुळे अळीची कोणती जनुकं चालू राहायची हेच बदलतं. राणीच्या एका अंडाशयात साधारण दीडशेच्या वर अंडनलिका असतात, कामकरीच्या अंडाशयात दोन ते बारा. हा फरक अळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांतच पडत जातो, म्हणून पुढचं सगळं गणित अळीच्या वयावर आहे (प्रश्न ५).

३. नाशिक जिल्ह्यात राण्या करायला कोणते महिने चांगले?

परागकण भरपूर, मकरंदाची थोडी आवक, नर उडत असलेले आणि दुपारी स्वच्छ ऊन, या चार गोष्टी एकत्र येतील तोच हंगाम. आपल्याकडे असे दोन काळ येतात.

पहिला, पाऊस ओसरल्यावर: सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. मक्याचे तुरे परागकण देतात, मागोमाग बोर फुलते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पट्ट्यात खुरासणीची पिवळी शेतं फुलली की त्या वेळच्या माश्यांचं पोषण बघण्यासारखं असतं. आमच्या मते राण्यांसाठी वर्षातला हाच सगळ्यात चांगला काळ. तरीही बहुतेक जण तेव्हा पावसाळ्यात खंगलेल्या पेट्या सावरण्यात गुंतलेले असतात. पावसाळ्यात पेट्यांना उपाशी ठेवलं नसेल तरच हा हंगाम हाती लागतो.

दुसरा, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. कांद्याचे डोंगळे, धणे, शेवगा, मोहरी असं बरंच काही असतं. पण याच काळात डोंगळ्यांवर फुलकिड्यांसाठी फवारे चालू असतात. परागीभवनाला भाड्याने लावलेल्या पेट्यांत राण्या करू नयेत. ते काम वेगळ्या पेट्यांत, वेगळ्या ठिकाणी.

डिसेंबरच्या उत्तरार्धात निफाडचं तापमान एक आकडी होतं. तेव्हा नर कमी, राणीचं उड्डाण लांबतं. एप्रिल-मे मध्ये मालेगाव, येवल्याकडे चाळिशी पार होते आणि फुलोरा आटतो. कडुनिंब, करंज, जांभळाच्या भरवशावर पश्चिमेकडे एखादी तुकडी निघते, पण तो जुगार आहे. जून ते ऑगस्ट इगतपुरी-त्र्यंबककडे विचारही करू नका. राणी बाहेर पडायला सलग दोन दुपारी कोरड्या मिळत नाहीत.

४. माझ्याकडे पाचच पेट्या आहेत. ग्राफ्टिंग शिकलंच पाहिजे का?

नाही. ग्राफ्टिंग म्हणजे कोवळी अळी सुईने उचलून वाटीत ठेवणं; पाच-दहा पेट्यांना वर्षात सात-आठ राण्या पुरतात. त्यासाठी मिलर पद्धत पुरेशी आहे. चौकटीत पायापत्रा (मेणाचा छापील पत्रा) पूर्ण न बसवता खालच्या बाजूने त्रिकोणी टोकं कापून लावायचा आणि ती चौकट निवडलेल्या राणीच्या पेटीत, पिल्लावळीच्या (अंडी, अळ्या, कोषांच्या) मधोमध द्यायची. माश्या टोकांवर नवं मेण ओढत जातात आणि राणी अंडी घालत कडेपर्यंत येते. साधारण आठवड्याने सगळ्यात कोवळ्या अळ्या कडेला असतात. कड चाकूने जराशी छाटून त्या अळ्या उघड्या करायच्या आणि चौकट राणीविरहित जोरदार पेटीत द्यायची. राणीघरं कडेलाच लटकतात, त्यामुळे कापून घेणं सोपं जातं. अळी हाताळावीच लागत नाही.

यापेक्षा सोपं म्हणजे नुसतं विभाजन, म्हणजे एका पेटीच्या दोन करणं. त्यातली अडचण प्रश्न २० मध्ये आहे.

५. ग्राफ्टिंगला किती वयाची अळी घ्यायची? ओळखायची कशी?

अंड्यातून निघून २४ तासांच्या आतली. १२ तासांची मिळाली तर उत्तम. अंडं तीन दिवस राहतं, म्हणजे अंडं घातल्यापासून चौथ्या दिवशीची अळी. नुसत्या डोळ्याने ती अंड्यापेक्षा किंचितच मोठी, पातळ, जेमतेम वाकलेली आणि दुधी रसाच्या थेंबावर तरंगताना दिसते. पूर्ण गोल वळलेली, ठसठशीत दिसणारी अळी उचलायला सोपी आणि माश्याही ती आनंदाने स्वीकारतात. नवशिक्यांची फसगत इथेच होते: स्वीकार शंभर टक्के, राण्या हलक्या. दोन-तीन दिवसांच्या अळीची राणी वजनाने कमी, अंडनलिका कमी, वीर्यकोशही लहान.

अंदाजावर राहायचं नसेल तर राणीला एका चौकटीवर जाळीच्या पिंजऱ्यात २४ तास कोंडा, तारीख लिहा आणि ती चौकट चौथ्या दिवशी घ्या. पोळं एक-दोनदा पिल्लावळ निघालेलं, तपकिरी रंगाचं असावं. कोऱ्या पांढऱ्या मेणात अळी दिसत नाही आणि घराचा तळही फाटतो.

प्लास्टिकच्या किंवा मेणाच्या वाटीत अळी ठेवायची ही पद्धत अमेरिकेतल्या डूलिटल यांनी १८८९ मध्ये मांडली. आजही जगभरातल्या बहुतेक राण्या याच रीतीने होतात. अळी पाठीच्या बाजूने उचला, रसासकट, आणि जशी होती त्याच कुशीवर ठेवा. उलटली तर श्वासरंध्रं रसात बुडून ती मरते. चायनीज ग्राफ्टिंग सुई स्वस्त मिळते आणि तिने रसासकट अळी सरकते. काम सावलीत, ओला फडका पसरून, पंखा बंद ठेवून करा. मार्चच्या कोरड्या हवेत उघडी अळी दहा-पंधरा मिनिटांत सुकू लागते.

६. वाटीत आधी राजान्नाचा थेंब घालावा का?

पाण्याने पातळ केलेला बारीक थेंब असला तर अळी सुईवरून सहज उतरते, एवढाच फायदा. पोषण त्यातून होत नाही, ते प्रश्न ८ मधली पेटी करते.

७. आई-राणी कोणती निवडू? मध जास्त दिला तीच ना?

मध बघाच, पण शेजारच्या पेट्यांशी तुलना करून. एका पेटीला शेवग्याची रांग जवळ होती आणि दुसरीला नव्हती, तर त्या तुलनेला अर्थ नाही. मधाच्या जोडीला स्वभाव बघा (धुराविना चौकट उचलल्यावर माश्या पोळ्यावर शांत बसतात का), फुटण्याची ओढ बघा, आणि स्वच्छतेची सवय तपासा. बंद पिल्लावळीतले शंभर कोष बारीक टाचणीने टोचायचे आणि २४ तासांनी मोजायचे. नव्वदच्या वर घरं उकरून साफ केलेली असतील तर ती पेटी रोग आणि व्हरोआ या परजीवी कोळ्यापुढे टिकण्याची शक्यता जास्त. ही चाचणी करायला एक टाचणी लागते, तरी फारच थोडे जण करतात.

सातेरीत थाई सॅकब्रूडचा इतिहासही बघावा. १९९१ नंतर दक्षिण भारतात या विषाणूने सातेरीच्या वसाहती प्रचंड प्रमाणात संपल्या. आसपास साथ येऊन गेली आणि एखादी पेटी औषधाविना तगली, तर आई तिथूनच घ्या.

निदान दोन-तीन आई-राण्या ठेवा. एकीवरच सगळं उभं केलं तर काय होतं ते प्रश्न १८ मध्ये.

८. पोसणारी पेटी कशी तयार करायची? ग्राफ्ट केलेलं निम्मं माश्या काढून टाकतात.

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. लोक सुईवर महिना घालवतात आणि पोसणाऱ्या पेटीवर अर्धा तास. राणी चांगली होते ती दाई-माश्यांच्या पोटात असलेल्या खुराकावर. हात कितीही सफाईचा असला तरी दाया कमी पडल्या की राणी बारीक निघणार.

दाई-माशी म्हणजे साधारण सहा ते बारा दिवस वयाची कामकरी. तिच्या डोक्यातल्या ग्रंथी तेव्हा भरात असतात, आणि त्या भरायला तिला स्वतःला परागकण खायला मिळाले पाहिजेत. म्हणून तयारी ग्राफ्टिंगच्या आधी तीन आठवडे सुरू होते: पेटीला बंद पिल्लावळीच्या चौकटी द्या, त्यातून निघालेल्या माश्याच पुढे दाया होतात. साखर-पाणी समभाग, रोज थोडं थोडं, संध्याकाळी. साठा करायला नाही, बाहेर आवक चालू आहे असं माश्यांना वाटावं म्हणून. परागकण बाहेरून कमी येत असतील तर साठवलेल्या परागकणांची चौकट द्या.

ग्राफ्टिंगच्या आदल्या दिवशी या पेटीतली राणी दोन-तीन चौकटींसह बाजूला काढा. उघड्या अळ्यांच्या चौकटीही काढा, म्हणजे दायांकडे खुराक आहे पण खाणारं तोंड नाही अशी स्थिती येते. दुसऱ्या पेट्यांतून कोवळ्या माश्या झटकून भर घाला. झटकण्याआधी त्या चौकटीवर राणी नाही ना, हे दोनदा बघा. पेटी इतकी भरा की झाकण उघडल्यावर माश्या चौकटींवरून ओसंडतील. मधे एका चौकटीची जागा मोकळी ठेवली की काही तासांत तिथे माश्यांचा घोस लोंबतो. वाट्यांची चौकट तिथेच जाते.

दुसऱ्या दिवशी स्वीकार बघा. पुढे दोन मार्ग आहेत. त्याच पेटीत शेवटपर्यंत ठेवा, किंवा २४ तासांनी चौकट दुसऱ्या जोरदार पेटीच्या वरच्या कोठीत हलवा. तिथे राणी खाली, मधे राणीरोधक जाळी, आणि वाट्यांच्या दोन्ही बाजूंना उघड्या अळ्यांच्या चौकटी, म्हणजे दाया वर ओढल्या जातात. दुसरा मार्ग मेहनतीचा आहे, पण पेटी राणीविना खंगत नाही आणि दर चार-पाच दिवसांनी नवी तुकडी देता येते.

अर्ध्या वाट्या रिकाम्या होत असतील तर कारणं बहुधा या क्रमाने शोधावीत: पेटीत चुकून राणी किंवा जुनं राणीघर राहिलं, दाया कमी पडल्या, अळी सुकली, आणि सगळ्यात शेवटी हात.

९. एका पेटीला किती वाट्या?

मेलिफेराच्या भरगच्च पेटीला वीस ते तीस, सातेरीला दहा-बारा. पन्नास दिल्या तर पन्नासही बांधतील, पण राणीघर उघडून पाहिलं तर तळाशी राजान्न उरलेलं नसेल. राणी बाहेर पडल्यावर रिकाम्या घरात वाळलेल्या राजान्नाचा जाड थर दिसला, तर अळीला हवं तेवढं मिळालं होतं असं समजा. थर नसेल तर पुढच्या वेळी वाट्या कमी करा.

१०. ग्राफ्टिंगपासून अंडी दिसेपर्यंतचा तारखांचा हिशेब सांगा.

मेलिफेराची राणी अंड्यापासून सोळाव्या दिवशी बाहेर येते (कामकरी २१, नर २४). ग्राफ्टिंगचा दिवस शून्य धरला तर:

- १: स्वीकार बघा
- ५: राणीघरं बंद
- ५ ते ९: हात लावू नका. कोष कोवळा असतो, धक्क्याने पंख अधू होतात
- १०: घरं मीलनपेट्यांत (नव्या राणीच्या मीलनासाठीच्या लहान पेट्यांत) द्या
- ११-१२: राणी बाहेर
- १७ ते २२: मीलन
- २५ च्या सुमारास: अंडी तपासा

उष्णतेत घरं एखादा दिवस आधीही फुटतात, आणि पहिली निघालेली राणी बाकीची सगळी फोडते. म्हणून अकराव्याची वाट पाहू नका, दहाव्यालाच काम उरका. घराचं टोक तपकिरी आणि मेण खरवडून पातळ झालेलं दिसलं तर वेळ अगदी जवळ आली आहे. घरं नेताना टोक खाली, उन्हापासून लांब. इनक्युबेटर वापरणाऱ्यांनी ३४ ते ३५ अंश आणि आत ओलावा ठेवावा.

११. नर तर फुकट खातात. राणी तयार करताना त्यांचा काय संबंध?

अर्धा वंश त्यांचा. राणी आयुष्याच्या सुरुवातीलाच, एक-दोन किंवा फार तर थोड्याच उड्डाणांत, हवेतच दहा ते वीस नरांशी मीलन करते आणि तेवढ्या शिदोरीवर पुढची सगळी अंडी फलित करते. नर कमी किंवा कोवळे पडले की शिदोरी अपुरी, मग सहा महिन्यांत राणी कामकरीच्या घरात नराची अंडी घालू लागते. आपण म्हणतो राणी खराब निघाली.

नर अंड्यापासून चोवीस दिवसांनी निघतो आणि मीलनाला तयार व्हायला त्याला अजून साधारण बारा दिवस लागतात. उलटा हिशेब केला तर ग्राफ्टिंगच्या दिवशी पेट्यांत नराची बंद पिल्लावळ आधीच दिसायला हवी. दिसत नसेल तर सुई उचलू नका. चांगल्या पेट्यांना (आई-राणीच्या सोडून) नरघरांची एकेक चौकट द्या, आणि ज्या पेट्या आवडत नाहीत त्यांतली नरांची पिल्लावळ कापून टाका. व्हरोआ नरांच्या पिल्लावळीत जास्त वाढतो, त्यामुळे नर वाढवणाऱ्या पेट्यांवर डोळा ठेवावा लागतो.

१२. मीलनपेट्या द्राक्षबागेत ठेवल्या तर चालतील का? जागा तिथेच आहे.

ऑक्टोबर छाटणीनंतर तर अजिबात नको. तेव्हा बागेत फवारणीचा रगाडा चालू असतो, आणि नवी राणी उडायला शिकते तोही हाच काळ. तसंही द्राक्षाच्या फुलातून माशीला फारसं काही मिळत नाही. मीलनपेटीत दोन-तीन चौकटीभर माश्या असतात. बाहेर गेलेल्या शेदीडशे परतल्या नाहीत तर मोठ्या पेटीला कळतही नाही, ही पेटी मात्र मोडते.

चांदवड, सटाण्याच्या डोंगरपायथ्याशी किंवा दिंडोरीच्या पश्चिमेला, बागांपासून तीनेक किलोमीटर दूर जागा बघा. नर दुपारी ठरावीक जागी उंच हवेत जमतात आणि राणी तिथवर काही किलोमीटर जाते, त्यामुळे मीलनपेटी नरांच्या पेट्यांना खेटून ठेवायची गरज नाही. पेट्यांची दारं वेगवेगळ्या दिशांना करा, समोर दगड किंवा झुडूप अशी खूण असू द्या. एका रांगेत एकसारख्या रंगाच्या पेट्या ठेवल्या की परतणारी राणी शेजारी शिरते आणि मारली जाते.

१३. हे सगळं मेलिफेराचं झालं. सातेरीला काय बदलायचं?

तत्त्व तेच, माप आणि स्वभाव वेगळा. वाटी थोडी लहान लागते. मेलिफेराच्या मापाची वाटी दिली तर स्वीकार पडतो. पेटी फार वेळ राणीविना ठेवू नका, सातेरीत कामकरी अंडी घालायला लवकर लागतात. मीलनपेटी फार लहान केली किंवा रोज उघडली तर सगळ्या माश्या राणीसह घर सोडून जातात, म्हणून निदान तीन चौकटी माश्या, त्यात उघडी पिल्लावळ आणि मध हवाच. पिल्लावळ असली की त्या थांबतात.

सातेरीवाल्यांचा घाबरून येणारा एक फोन ठरलेला: "नरांच्या घरांना भोकं पडलीत, रोग आलाय का?" सातेरीच्या नरघराच्या टोपीला मधोमध बारीक छिद्र असतंच. ते नैसर्गिक आहे.

जंगलालगतच्या गावांत सातेरीसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये फुटीच्या वेळची राणीघरं निवडून कापून घेणं हा ग्राफ्टिंगपेक्षा व्यवहारी मार्ग आहे. फक्त ज्या पेट्या दरवर्षी दोनदा फुटतात त्यांची घरं घेऊ नका. सातेरीचं प्रशिक्षण हवं असेल तर पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरचं मध संचालनालय ही दोन ठिकाणं आहेत.

१४. सातेरी आणि मेलिफेरा शेजारी ठेवल्या तर संकर होतो का?

संकरित माशी जन्मत नाही. अडचण वेगळीच आहे: दोन्हींच्या राण्यांच्या गंधातला मुख्य घटक सारखा असल्यामुळे मेलिफेराचे नर सातेरीच्या राणीमागेही लागतात आणि तिचं खरं मीलन अपुरं राहू शकतं. शिवाय मेलिफेरा सातेरीच्या कमजोर पेट्या लुटते. राण्या करायच्या काळात दोन्ही लांब ठेवा. पेठ-सुरगाण्याच्या सातेरी पट्ट्यात मेलिफेराच्या शेकडो पेट्या नेऊ नयेत, हे आमचं स्पष्ट मत आहे.

१५. राणी निघाली, पण पंधरा दिवसांनी पेटीत दिसेना. कुठे गेली?

बहुधा वेडा राघू किंवा कोतवाल पक्ष्याने उडताना टिपली. तारांवर त्यांची रांग दिसत असेल तर जागा बदला. पाच राण्यांतली एखादी जाणारच असं धरून घरं जास्त ठेवा. राणी नाही असं ठरवण्याआधी दुसऱ्या पेटीतली कोवळ्या अळ्यांची चौकट द्या: माश्यांनी राणीघरं बांधायला घेतली तर राणी नाही, नाही बांधली तर आत आहे आणि तुम्हाला दिसत नाही. कुमारी राणी बारीक आणि चपळ असते, भल्याभल्यांना सापडत नाही.

१६. तयार राणी दुसऱ्या पेटीत कशी द्यायची?

जुनी राणी काढा, काही तासांनी नवी राणी पिंजऱ्यात द्या. पिंजऱ्याच्या तोंडाला पिठीसाखर आणि मधाचा घट्ट गोळा लावा, तो खाऊन माश्या तीन-चार दिवसांत तिला मोकळी करतात. तेव्हा साखर-पाणी चालू ठेवा. पिंजऱ्यावर माश्या गच्च चिकटून चावत असतील तर सोडू नका, सैल फिरत, भरवत असतील तर हरकत नाही. सोडल्यावर आठवडाभर पेटी उघडू नका.

१७. राणी मोठी दिसते म्हणजे चांगली ना?

कुमारी असताना आकार आणि वजन बऱ्यापैकी खरं सांगतात. अंडी घालू लागलेल्या राणीचं पोट मात्र खुराकाप्रमाणे कमीजास्त होतं. पिंजऱ्यातून आलेली राणी आखडलेलीच दिसते. पहिल्या तुकडीच्या माश्या बाहेर येईपर्यंत, म्हणजे तीन आठवडे, निकाल देऊ नका.

१८. राणी नवी आहे, तरी पिल्लावळ विखुरलेली, मधे मधे रिकामी घरं. राणी बदलू?

थांबा. आधी बघा: स्वच्छताप्रिय माश्या व्हरोआ लागलेले कोष उपटून काढतात, तेव्हाही असंच दिसतं. परागकण कमी पडले की माश्या अळ्या खातात, तेव्हाही.

हे दोन्ही नसेल तर नात्यातलं मीलन हे कारण असू शकतं. माशीचं लिंग एका जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांवर ठरतं. फलित अंड्यात दोन रूपं वेगळी असली तर मादी, दोन्ही सारखी असली तर नर, आणि असा नर कामकरी लहान असतानाच खाऊन टाकतात. राणीने आपल्याच भावांशी मीलन केलं तर पिल्लावळीतली बरीच घरं अशी रिकामी होतात. वीस पेट्या एकाच आईच्या लेकी असतील आणि आसपास दुसऱ्या कोणाच्या पेट्या नसतील, तर दोन-तीन पिढ्यांत हे दिसू लागतं. राणी बदलून उपयोग नाही, तीही त्याच घराण्यातली. शेजारच्या तालुक्यातल्या मधपाळाशी राणीघरांची अदलाबदल करा.

१९. एका घरात दोन-तीन अंडी दिसतात. राणी मेली असं समजू का?

अंडी तळाशी मधोमध असतील तर बहुधा नवी राणी अजून सरावलेली नाही, आठवड्यात सुधारते. अंडी भिंतींना चिकटलेली, एका घरात चार-पाच, आणि कामकरीच्या घरांवर नरांच्या फुगीर टोप्या असतील तर कामकरी अंडी घालत आहेत. अशा पेटीला राणी दिलीत तर मारतात. उघड्या पिल्लावळीच्या चौकटी आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा द्या, त्या राणीघर बांधू लागल्या की मग राणी द्या. पेटी फार कमी उरली असेल तर जोरदार पेटीत मिसळून मोकळे व्हा.

२०. विभाजनात माश्यांनी स्वतः केलेली राणी हलकी असते का?

असायलाच हवी असं नाही. राणी गेल्यावर माश्या घाईने वेगवेगळ्या वयाच्या अळ्या घेतात, आणि मोठ्या अळीची राणी आधी निघून बाकीच्यांना मारते, अडचण ही आहे. उपाय सोपा: विभाजनानंतर चौथ्या दिवशी पेटी उघडा आणि तोवर बंद झालेली राणीघरं मोडा. ती मोठ्या अळ्यांची आहेत. उघडी, राजान्नाने भरलेली दोन-तीन ठेवा. आणि राणीविरहित भागात दाया भरपूर हव्यात (प्रश्न ८).

२१. उत्तरेकडून राण्या मागवू का?

भारतातली मेलिफेरा १९६० च्या दशकात हिमाचलच्या नगरोटा बगवांमध्ये स्थिरावली आणि तिथून पसरली. नवं रक्त म्हणून थोड्या राण्या आणायला हरकत नाही. आणायच्या तर राण्याच आणा, चौकटींसह पेट्या नको. पिल्लावळीबरोबर कोळी आणि रोग येतात. आलेल्या राण्या आपल्या उन्हाळ्यातून आणि पावसाळ्यातून गेल्याशिवाय त्यांना आई म्हणून वापरू नका.

२२. राणीला रंग कोणता लावायचा? पंख कापायचे का?

वर्षाच्या शेवटच्या आकड्यावर रंग ठरतो: १ व ६ पांढरा, २ व ७ पिवळा, ३ व ८ लाल, ४ व ९ हिरवा, ५ व ० निळा. थेंब पाठीवर, डोक्यावर किंवा पंखांच्या सांध्यावर नाही. आधी दोन-चार नरांवर सराव करा. पंख कापून फूट थांबत नाही, फार तर उशीर होतो, आणि मीलनाआधी कापले तर राणी कायमची वाया.

२३. आग्या मोहोळाची राणी पेटीत पाळता येईल?

नाही. ती माशी उघड्यावर एकच मोठं पोळं लावते आणि हंगामाप्रमाणे जागा बदलते.

२४. कृत्रिम रेतन करावं का?

१९२० च्या दशकात हे तंत्र जमलं आणि संशोधनात त्याला पर्याय नाही. सूक्ष्मदर्शक, उपकरण, कार्बन डायऑक्साइड आणि बरीच वर्षांची सवय लागते. व्यवसायाला नरांच्या चांगल्या पेट्या पाळणं (प्रश्न ११) स्वस्त पडतं.

२५. मीलनपेटीला राणीघर दिलं, दुसऱ्या दिवशी बाजूने फोडलेलं. पेटीत राणी नव्हती, मी स्वतः बघितलं होतं.

बाजूने भोक म्हणजे माश्यांनी किंवा दुसऱ्या राणीने मारली. टोकाला गोल झाकण उघडून लोंबत असेल तर राणी सुखरूप बाहेर पडली आहे, एवढा फरक आधी बघून घ्या. बाजूने फोडलं असेल तर तीन शक्यता. मीलनपेटी त्याच दिवशी बनवली होती आणि माश्यांना राणी गेल्याचं अजून उमगलंच नव्हतं: बनवल्यापासून घर देईपर्यंत एक दिवस जाऊ द्या. किंवा चौकटीच्या कोपऱ्यात त्यांचं स्वतःचं राणीघर होतं: माश्या झटकून चौकट बघितल्याशिवाय ते दिसत नाही. किंवा शेजारच्या पेटीतली कुमारी राणी वाट चुकून आत शिरली. ती दिसली नाही तरी आठ-दहा दिवसांनी त्या पेटीत अंडी दिसतात. रंग नसलेली ही राणी कोणत्या आईची ते सांगता येणार नाही. तिला मधाच्या पेटीत वापरा, पुढच्या तुकडीची आई करू नका.